रुपयाभार गोळी, चिमूटभर दारू

गेल्या पितृपक्षांत आमच्या भाच्याचें अमेरिकेहून पत्र आलें. तो पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत बारा वर्षांपासून राहतो. यंत्रविद्येचा पदवीधर, घरीं पत्नी व सात वर्षांचा मुलगा. कुशल वर्तमान संपल्यावर त्यानें सहज म्हणून पुढील मजकूर लिहिला होता : "मामा, इकडे मित्रांबरोबर नेमबाजीस जाऊं लागलों आहें. रायफल घेतली. काडतुसें विकत घेणें फार महाग पडतें, म्हणून उडविलेल्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवून त्या घरींच पुन्हां भरण्याचें शिकत आहें. परंतु कोणत्या गोळीस कोणती दारू घ्यावी याचा मोठा घोळ होतो. आपल्या भंडाऱ्यास तर दारूचा कारखानाच आहे. तुम्हीच कांहीं सांगा!"

आलेलें पत्र सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावें अशी आमच्या घरची जुनी रीत आहे. त्या दिवशीं त्या रीतीचा आम्हांस प्रथमच पश्चात्ताप झाला. भाच्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, आमच्याच घरीं असते. ती तांदूळ निवडीत बसली होती. तिनें सूप खालीं ठेवलें आणि एवढेंच म्हणाली, "दादा, आजच्या आज त्याला कळव. हा उद्योग घरांत नको."

तिच्या बोलण्यास कारण होतें. २४ जानेवारी २०२५ रोजीं सकाळीं जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत स्फोट झाला, इमारतीचें छप्पर कोसळलें आणि आठ कामगार मृत्युमुखीं पडले. भंडाऱ्याहून नागपूरकडे जातांना लागणारें हें जवाहरनगर आम्हां भंडारेकरांस परकें नाहीं. तेथें नोकरीस असलेला एखादा पुतण्या, शेजारी किंवा जुना विद्यार्थी ज्याच्या माहितींत नाहीं असें घर आमच्या शहरांत क्वचित् सांपडेल. त्या दिवशीं दुपारपर्यंत आमच्या आळींत कोणाच्याही चुलीवर लक्ष नव्हतें. जो तो आपापल्या माणसाचा आवाज एकदां ऐकावा म्हणून फोन कानाला लावून उभा होता. आमच्या बहिणीनें तें सारें पाहिलेलें. तिच्या दृष्टीनें दारू ती दारू; ती जवाहरनगरची असो कीं पेन्सिल्व्हेनियाची असो.

आमची सारी हयात विद्यार्थ्यांकडून संधि सोडविण्यांत व समासांचा विग्रह करून घेण्यांत गेली. दारूगोळ्याशीं संबंध म्हणाल तर शाळेच्या एन. सी. सी. च्या मुलांबरोबर शिबिरास गेलों असतां पांच काडतुसें उडविलीं, एवढाच. आणि त्या धक्क्यानें दुखावलेला खांदा आठ दिवस तेल चोळून घेतला, तेंही येथेंच कबूल करतों. तथापि भाच्यास नुसतें 'नको' असें कळविणें आम्हांस बरें वाटेना. चाळिशीकडे झुकलेला मनुष्य 'नको' ऐकून थांबत नाहीं, फक्त पत्रांत लिहिण्याचें थांबवितो. यासाठीं आम्हीं महिनाभर पुस्तकें चाळलीं, आणि कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास दोन गुरुवार चहास बोलाविलें. त्यांतून जें हातीं लागलें तें आमच्या वाचकांसही रुचेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम वजनाविषयीं. या शास्त्रांत गोळी व दारू हीं दोन्ही 'ग्रेन' या मापानें तोलतात. ७००० ग्रेनांचा एक पौंड होतो, आणि आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे सोनाराची एक गुंज ही दोन ग्रेनांहून किंचित् कमी भरते. इंग्रजी अमदानींतला चांदीचा रुपयाही कायद्यानें १८० ग्रेनांचाच पाडीत, म्हणूनच आपल्या आज्या 'रुपयाभार' हा शब्द तोळ्याच्या अर्थीं वापरीत. '.३०३' या प्रसिद्ध रायफलीची १९१० सालची गोळी १७४ ग्रेनांची, म्हणजे रुपयाभारास थोडी उणी; आणि तिला पळविणारी दारू तोळ्याच्या सुमारें पांचव्या हिश्श्याएवढी. एवढ्याशा चिमटीनें रुपयाभार वजन सेकंदास २४४० फूट वेगानें नळीबाहेर पडतें. त्या वेळीं पुंगळींत दर चौरस इंचास अठरा-एकोणीस टन दाब असतो. हा आंकडा भाच्याच्या आईस आम्हीं सांगितला नाहीं.

'दारू' हा शब्द फारसी, आणि त्या भाषेंत त्याचा मूळ अर्थ औषध. 'काडतूस' पोर्तुगीजांकडून आलें. आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथें शुक्रनीतीची आठवण होणें अपरिहार्य आहे. तींत 'अग्निचूर्ण' करण्याची कृति दिली आहे : सोरा पांच भाग, गंधक एक भाग, आणि रुई, निवडुंग अशा झाडांचा कोळसा एक भाग. हें प्रमाण युरोपांतील काळ्या दारूच्या पाऊणशे भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक या प्रमाणाच्या इतकें जवळ आहे कीं, आमच्या लहानपणीं गुरुजी तें सांगतांना छाती फुगवीत. पुढें कळलें कीं, तो ग्रंथ आज ज्या रूपांत उपलब्ध आहे तें रूप बरेंच अर्वाचीन असावें असा अनेक विद्वानांचा अभिप्राय आहे. आम्ही तो मान्य करतों. पूर्वजांच्या पदरीं नसलेलें श्रेय बांधल्यानें त्यांचें असलेलें श्रेय कांहीं वाढत नाहीं.

ही काळी दारू सहाशे वर्षें जगाला पुरली. तिचे दोष दोन : धूर फार, आणि नळींत काजळी फार. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएइ यानें कापसावर नत्राम्लाची क्रिया करून जें द्रव्य होतें त्यापासून पहिली निर्धूम दारू सिद्ध केली. आल्फ्रेड नोबेल यानें १८८७ सालीं त्याच द्रव्यांत नायट्रोग्लिसरीन मिसळून दुसरी काढली; आणि त्याच धर्तीवर एबल व ड्यूअर या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८८९ सालीं 'कॉर्डाइट' काढलें. कॉर्ड म्हणजे दोरी. हें द्रव्य अ‍ॅसिटोनमध्यें मळून कणकेसारखें करीत आणि साच्यांतून दाबून त्याच्या बारीक दोऱ्या काढीत. आपल्या घरीं सोऱ्यांतून शेव पाडतात, तोच प्रकार. आज केवळ कापसाच्या द्रव्याची ती एकेरी दारू आणि नायट्रोग्लिसरीन मिसळलेली ती दुहेरी दारू असा भेद करतात. नायट्रोग्लिसरीन हें हृदयशूळावरील औषधही आहे, आणि खुद्द नोबेल यास उतारवयांत वैद्यांनीं तेंच घेण्यास सांगितलें होतें. तेव्हां फारसी भाषेनें केलेलें नामकरण अगदींच अस्थानीं नव्हे.

आतां '.३०३' ची कथा थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. कारण दारू बदलली म्हणजे गोळी, नळी आणि शेवटीं सारें हत्यारच कसें बदलावें लागतें, हें तिच्याइतकें दुसऱ्या कोणाच्या चरित्रांत स्पष्ट दिसत नाहीं. ही रायफल आमच्या पिढीनें पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली आहे. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तर तिला २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनीं निरोप दिला. तिचा जन्म १८८८ चा. त्या वेळीं निर्धूम दारू इंग्रजांच्या हातीं आली नव्हती, म्हणून तिच्या पुंगळींत काळ्या दारूचीच दाबून केलेली वडी भरीत, आणि २१५ ग्रेनांची बोथट नाकाची गोळी बसवीत. नळीच्या आंतील चर मेटफर्ड नांवाच्या गृहस्थानें उथळ व गोलसर ठेवले होते. हेतु हा कीं, काळ्या दारूची काजळी त्यांत अडकून बसूं नये. योजना अगदीं योग्य होती. परंतु तीन-चार वर्षांतच काजळीची ती दारू गेली आणि कॉर्डाइट आलें. त्यांत नायट्रोग्लिसरीन शेंकडा ५८. तें इतकें तापून जळे कीं, मेटफर्डचे उथळ चर पाहतां पाहतां झिजून नाहींसे होऊं लागले. शेवटीं १८९५ सालीं एनफील्डच्या कारखान्यानें खोल व चौकोनी कडांचे पांच चर पाडले आणि 'ली-मेटफर्ड' ची 'ली-एनफील्ड' झाली. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धानंतर कॉर्डाइटचीच कृति बदलून नायट्रोग्लिसरीन शेंकडा ३० वर आणलें. एका दारूसाठीं केलेली नळी दुसऱ्या दारूस मानवत नाहीं, हा पहिला धडा भाच्याच्या पत्रांत आम्हीं याच उदाहरणानें लिहिला.

या कॉर्डाइटच्या काडतुसाची आणखी एक गंमत आमच्या विद्यार्थ्यानें सांगितली. त्याच्या पुंगळीचें तोंड अरुंद आणि आंतील दोऱ्यांची जुडी जाड. मग ती आंत जाते कशी? तर पुंगळीचा गळा आवळण्यापूर्वींच जुडी आंत घालीत, आणि नंतर गळा आवळून गोळी बसवीत. बाटलींत लिंबू दिसावें आणि तें गेलें कसें हें कळूं नये, तसेंच हें. म्हणजे कॉर्डाइट हें कारखान्याचेंच काम. घरगुती भरणाऱ्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं. शिवाय हिंदी व इंग्रजी लष्करी काडतुसांच्या बुडाशीं जी टिकली असते ती बर्डन पद्धतीची. तींत ठिणगी आंत जाण्यास दोन बारीक छिद्रें असून मधला उंचवटा पुंगळीचाच असतो, त्यामुळें उडालेली टिकली काढून टाकणें फार त्रासाचें. अमेरिकेंतील बॉक्सर पद्धतीस एकच मधलें छिद्र. सुई घातली कीं टिकली बाहेर. यांतील विनोद असा कीं, बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर हा इंग्रज. दोघांनीं परस्परांच्या देशांत नांव काढलें. घरीं पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेंत जो इतका फोफावला, त्यास ही बॉक्सरची टिकली पुष्कळ अंशीं कारण आहे.

जुन्या टिकल्यांतील क्षारामुळें नळी एका रात्रींत गंजे. त्यावर शिपाई काय करीत? नळीस नरसाळें लावून किटलीभर उकळतें पाणी ओतीत, मग तेलाचा बोळा फिरवीत. मीठ पाण्यानेंच धुतलें जातें, तेलानें नव्हे. आमच्या बहिणीस या सर्व प्रकरणांत पटलेली ही पहिली गोष्ट.

आतां दारूची निवड. भाच्याची रायफल '.३०-०६' जातीची आहे. तीस म्हणजे इंचाचे तीस शतांश, आणि सहा म्हणजे १९०६ साल; त्या वर्षीं अमेरिकन लष्करानें हें काडतूस स्वीकारलें. त्याची कीर्ति अशी कीं, एकाच पुंगळींत १५० ग्रेनांपासून २२० ग्रेनांपर्यंत वाटेल ती गोळी बसवावी, आणि तिनें निमूटपणें काम करावें. घरांतील एखादी काकू लग्नांतही चालते, सुतकांतही चालते आणि परीक्षेच्या मुलांनाही सांभाळते, तसें तें काडतूस आहे. परंतु गोळी बदलली कीं दारू बदलावी लागते, आणि भाच्याचा घोळ नेमका येथेंच होता.

चुलीपाशीं बसलेल्या कोणाही गृहिणीस हें लगेच कळेल. भुसा टाकला तर भडका होऊन क्षणांत विझतो. बाभळीचें खोड घातलें तर तें सावकाश, परंतु शेवटपर्यंत तापतें. दारूंतही असे जलद व मंद भेद आहेत. द्रव्य बहुधा एकच. भेद असतो तो दाण्याच्या आकारांत, जाडींत आणि वरच्या लेपांत. दाणा बारीक तितका जलद. कांडीस मधून भोंक ठेवलें तर बाहेरचा पृष्ठभाग जळून कमी होत असतां आंतला वाढतो, त्यामुळें वायु एकसारखा निर्माण होत राहतो. दाण्यावर मंदक द्रव्याचा लेप देतात तो आरंभींचा भडका आवरण्यासाठीं; आणि ग्रॅफाइटची काळी चकाकी देतात ती दाणे एकमेकांस न चिकटतां घसरावे व विजेची ठिणगी सांठूं नये म्हणून.

हलकी गोळी टिकलीचा तडाखा बसतांच चटकन् पुढें सरते, तिच्यामागची जागा वाढते, दाब ओसरूं पाहतो; म्हणून तिला थोडी जलद दारू हवी. जड गोळी जागची हलण्यास वेळ लावते. तिच्यामागें जलद दारू घातली तर वायूस जागाच मिळत नाहीं, आणि दाब पुंगळी फाडण्याइतका चढतो. म्हणून जड गोळीस मंद दारू. अमेरिकन लष्करानें दुसऱ्या महायुद्धांत १५० ग्रेनांच्या आसपासच्या गोळीमागें '४८९५' या अंकाची दारू वापरली. युद्ध संपल्यावर कॅन्सास प्रांतांतील ब्रूस हॉजडन या गृहस्थानें तीच उरलेली सरकारी दारू घाऊक घेऊन आगगाडीच्या डब्यांत सांठविली आणि छांदिष्टांस किरकोळ विकली. आजच्या या छंदाचा बाजार बराचसा त्या डब्यापासून सुरूं झाला. १८० ग्रेनांच्या गोळीस '४३५०' ही त्याहून मंद, आणि २२० च्या गोळीस '४८३१' ही आणखी मंद दारू पुष्कळांस मानवते. परंतु मंद म्हणजे निर्धोक असा अर्थ मुळींच नाहीं. त्या काळच्या 'गॅरँड' नांवाच्या लष्करी रायफलींत नळीच्या टोकाजवळचा वायु आंतील दांड्यास ढकलतो. तींत अति मंद दारू घातली तर टोकापर्यंत दाब टिकतो आणि दांडा वांकतो. शिवाय मंद दारू पुस्तकांत सांगितल्याहून फारच कमी घातली असतां विपरीत दाब चढल्याचीही उदाहरणें आहेत. म्हणून तोलाचे आंकडे आम्हीं भाच्यास एकही लिहिले नाहींत. ते दारू करणाऱ्याच्या छापील पुस्तकांतूनच घ्यावे, सर्वांत कमी आंकड्यापासून आरंभ करावा, आणि पुंगळीच्या बुडावर व टिकलीवर दाबाचीं चिन्हें पाहत कणाकणानें वर जावें. मित्रानें सांगितलेला आंकडा मित्राच्या रायफलीचा असतो.

गोळीविषयीं लिहितांना आम्हांस आपल्या देशाची एक जुनी लाज आठवली. लाज राज्यकर्त्यांची, परंतु नांव मात्र आपल्या गांवाचें. १८९५ च्या चित्रळ मोहिमेंत इंग्रज शिपायांनीं तक्रार केली कीं, संपूर्ण कवचाची नवी गोळी शरीरांतून आरपार जाते, पण मनुष्य थांबत नाहीं. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्याचा अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यानें गोळीच्या टोंकाचें कवच काढून शिसें उघडें ठेवलें. अशी गोळी शरीरांत शिरतांच फुलते. १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें युद्धांत अशा गोळ्यांस मनाई केली. ज्या डमडमचें नांव १८५७ सालीं चरबीच्या काडतुसांमुळें गाजलें, तेंच चाळीस वर्षांनीं जगाच्या कोशांत दुसऱ्या काडतुसामुळें शिरलें. पुढें १९१० सालच्या टोंकदार गोळीच्या नाकांत इंग्रजांनीं शिशाऐवजीं अ‍ॅल्युमिनियमचा हलका तुकडा घातला. कवच अखंड, परंतु वजन मागें गेल्यामुळें ती शरीरांत शिरतांच कोलांटी घेई. नियमाचें अक्षर पाळून अर्थ बुडविण्याचें हें उदाहरण वकिलांनीं अभ्यासावें असें आहे.

शिकारींत मात्र नियम उलट. तेथें फुलणारी गोळीच योग्य, कारण प्राणी जखमी होऊन चार दिवस तडफडूं नये. आमच्या जिल्ह्यांत एके काळीं या विद्येचे जाणते पुष्कळ होते. हिंदुस्थानांत लष्करी मापाची '.३०३' खाजगी माणसास मिळत नसे. म्हणून ईशापूरच्या कारखान्यांत तिच्याच धर्तीवर '.३१५' ची रायफल होऊं लागली, आणि तिचीं २४४ ग्रेनांचीं मऊ नाकाचीं काडतुसें खडकीस होतात. खडकीचा तो कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर 'के एफ' अशीं अक्षरें असत, तीं खडकीचीं. नागझिरा व नवेगांव हीं रानें १९९९ पर्यंत आमच्याच भंडारा जिल्ह्यांत होतीं, आतां तीं गोंदियांत गेलीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार संपली, आणि भिंतीवरच्या बंदुका कपाटांत गेल्या. आम्हांस त्याचें दुःख नाहीं. रानांत आतां वाघ आहेत, आणि त्यांना पाहण्यास येणाऱ्यांमुळें तेथील चार घरांच्या चुलीही पेटतात.

भाचा तर कागदावरच नेम धरतो. त्यास १६८ किंवा १७५ ग्रेनांची मागें निमुळती होत गेलेली नेमबाजीची गोळी पुरते. तिच्या टोकास बारीक छिद्र असतें, तें पाहून त्यास वाटलें होतें कीं ही डमडमचीच जात. तसें नाहीं, कवच बुडाकडून न ओढतां टोंकाकडे मिटवीत आणतात, त्याचें तें उरलेलें तोंड आहे. बूड अखंड राहिलें कीं गोळी सरळ जाते.

आमच्या विद्यार्थ्याच्या बोलण्यांत सर्वांत अधिक वेळ गेला तो उन्हाळ्यावर. मे महिन्यांत आमचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दारू जितकी तापलेली तितकी ती लवकर पेट घेते आणि दाब वाढतो. हिंवाळ्याच्या सकाळीं योग्य वाटलेला तोल उन्हांत ठेवलेल्या काडतुसांत जास्त ठरूं शकतो. हल्लीं ऑस्ट्रेलियांत होणाऱ्या कांहीं दारू उष्णतेस कमी दाद देतात, आणि त्यांचा भाव म्हणूनच चढा आहे. पण त्याहून गंभीर गोष्ट सांठवणाची. कापसाची ही दारू कधींच पूर्ण स्वस्थ नसते; ती आंतल्या आंत कणाकणानें विघटत असते, त्यांतून आम्ल वायु निघतो आणि तोच वायु पुढील विघटन वाढवितो. फ्रेंच आरमाराच्या 'इएना' आणि 'लिबर्ते' या दोन युद्धनौका १९०७ आणि १९११ सालीं तुलों बंदरांत शांततेच्या काळीं, उभ्या जागीं स्फोट होऊन गेल्या. त्या बिघडलेल्या दारूपायींच. म्हणून तींत डायफेनिलअमीनसारखें स्थिरक द्रव्य मिसळतात; तें निघालेला वायु शोषून घेतें. तेंही एक दिवस संपतें. डबा उघडतांच आंबूस, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूर दिसला, तर त्या दारूचें आयुष्य सरलें असें समजून ती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी.

"गुरुजी," आमचा विद्यार्थी बशींतला चहा संपवून म्हणाला, "दारूले घाई चालत नाई. अन् सवय झाली असं वाटलं का तो दिवस सुट्टी घ्याचा." पस्तीस वर्षें तो आगपेटी आणि मोबाइल दाराशीं ठेवून आंत गेला. दारूच्या इमारती एकमेकींपासून दूर, मधें मातीचे उंच बांध. हत्यारें ठिणगी न पाडणाऱ्या धातूचीं. आंत शिरण्यापूर्वीं अंगांतली वीज जमिनींत जावी म्हणून तांब्याच्या पत्र्यास हात लावावयाचा. एका टेबलावर एकच दारू, हें त्याचें सर्वांत आवडतें वाक्य. एक डबा बंद करून कपाटांत गेल्याशिवाय दुसरा उघडावयाचा नाहीं, आणि उरलेली दारू 'दिसायला सारखीच' म्हणून दुसऱ्या डब्यांत कधीं ओतावयाची नाहीं. जानेवारीच्या त्या दिवसाविषयीं आम्हीं विचारलें नाहीं आणि तो बोलला नाहीं. जातांना त्यानें आमच्या बहिणीस नमस्कार केला आणि एवढेंच म्हणाला, "आत्या, तिथली दारू अन् इथली वेगळी. गोळीची दारू उघड्यावर जळते, कोंडली तर फुटते. पोराले कोंडाची नाई एवढं सांगा."

आपल्याकडे हा छंद करूं पाहणाऱ्या तरुण वाचकांसाठीं एक गोष्ट स्पष्ट लिहितों : परवान्यावांचून काडतूस तयार करणें हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. अमेरिकेचें उदाहरण येथें कामाचें नाहीं.

आम्हीं भाच्यास सहा पृष्ठांचें पत्र पाठविलें. वरील सर्व लिहून शेवटीं चार प्रश्न विचारले : दारू कोठें ठेवतोस? त्या खोलींत ज्योत आहे काय? भरतांना मुलगा जवळ असतो काय? आणि तुझा तराजू खरा आहे हें तुला कसें कळतें?

दिवाळीच्या आधीं उत्तर आलें. दारूचे डबे तळघरांत होते, आणि त्याच तळघरांत पाणी तापविण्याचा गॅसचा बंब. बंबाची ज्योत अखंड पेटलेली. हें त्याच्या लक्षांतच आलें नव्हतें. आतां त्यानें सर्व सामान मागील शेडमध्यें हलविलें आहे, कुलूप लावलें आहे, आणि मुलगा झोंपल्यावांचून टेबलापाशीं बसत नाहीं. तराजूच्या प्रश्नावर मात्र तो अडला. विजेवर चालणारा तराजू. तो दाखवील तो आंकडा खरा मानावयाचा. शेवटीं त्यास आठवण झाली कीं, परदेशीं जातांना आईनें लक्ष्मीपूजनांतला पंचम जॉर्जचा एक चांदीचा रुपया गांठीस बांधून दिला होता. तो तराजूंत टाकला. तराजूनें १७९ ग्रेन आणि वर थोडा अंश दाखविला. शंभर वर्षांची झीज वजा जातां बरोबर. आतां दर वेळीं प्रथम रुपया, मग दारू, असा त्यानें क्रम ठेवला आहे.

आम्हीं हें पत्र वाचून संपविलें तेव्हां बहीण बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "पूजेचा रुपया त्यानें दारूच्या तराजूंत घातला?" आणि थोड्या वेळानें, "त्याला लिही, हात धुऊन घालीत जा म्हणावें."